नवे स्ट्रट टाकूनही फॉरेस्टर मागून बसते, ठोकते आणि टायर आतून खाते

गाडी सुबारू फॉरेस्टर, एसएफ (१९९७ ते २००२) किंवा एसजी (२००२ ते २००८) पिढीची. मागचे स्ट्रट (स्प्रिंगच्या आत बसणारे तेलाचे शॉक ॲब्सॉर्बर) गळायला लागले म्हणून जोडी बदलली. दोन-तीन महिने बरे गेले. मग डिकीची बाजू पुन्हा खाली आली, मागे तीन माणसं बसली की खड्ड्यात धप्प आवाज, ब्रेक मारताना पुढून ठक, आणि मागच्या टायरची आतली कड गुळगुळीत. गॅरेजमध्ये निदान होतं, स्ट्रट खराब निघाले. आणखी एक जोडी बसते आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

यात स्ट्रटचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा स्ट्रट एका जातीचा आणि स्प्रिंग दुसऱ्या जातीची बसलेली असते, नाहीतर रबरी बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी वेढे) चाक लटकत असताना आवळलेले असतात. कित्येकदा दोन्ही. बाकीच्या तक्रारी याच दोन गोष्टींतून निघतात.

भारतात हीच गाडी शेवरोले फॉरेस्टर या नावाने विकली गेली. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस इथली विक्री बंद केली, त्यामुळे पार्ट शोधताना शेवरोलेच्या नावाने वेळ घालवू नका, सुबारूच्या क्रमांकाने शोधा. पहिल्या पाच आकड्यांवरून पार्ट कोणता ते कळतं: २०३१० पुढचा स्ट्रट, २०३३० पुढची स्प्रिंग, २०३२० पुढचा टॉप माउंट (स्ट्रट वर गाडीच्या पत्र्याला बांधणारी बैठक), २०३६५ मागचा स्ट्रट, २०३८० मागची स्प्रिंग, २०३७० मागचा टॉप माउंट. पुढची दोन अक्षरं गाडीची पिढी सांगतात: एफसी म्हणजे एसएफ, एसए म्हणजे एसजी. जुना पार्ट विकत घेताना हे सहा-सात आकडे-अक्षरं वाचता आली तरी अर्धी फसवणूक टळते.

आधी मोजा

गाडी सपाट जागी घ्या, हवा नीट भरा, डिकी रिकामी करा, टाकी साधारण अर्धी ठेवा. दहा-बारा फूट पुढेमागे करून हँडब्रेक न लावता थांबा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसतं. आता चारही चाकांवर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा त्या मापात मिसळते.

डावी-उजवीत दहा-बारा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग तुटलेली आहे का पाहा. ती बहुधा सर्वात खालच्या वेटोळ्यात तुटते, आणि तुकडा कपात तसाच बसून राहिल्यामुळे वरून काही दिसत नाही. दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील तर पुढचा भाग वाचा.

स्वतः उंची सांभाळणारा स्ट्रट

एसजी पिढीच्या बऱ्याच गाड्यांत मागे सेल्फ लेव्हलिंग स्ट्रट येतो. यात ना हवेची पिशवी ना वीज. गाडी चालताना दांडा वरखाली होतो, तीच हालचाल आतल्या पंपाला चालवते आणि तेल कमी दाबाच्या कप्प्यातून जास्त दाबाच्या कप्प्यात ढकललं जातं. दाब वाढला की दांडा बाहेर येतो, गाडी उचलली जाते. ठरलेल्या उंचीला पोचली की आतली वाट उघडते आणि पंपाचं तेल परत फिरतं. सामान भरल्यावर उभी गाडी खाली दिसते आणि एक-दोन किलोमीटर गेल्यावर सरळ होते, ती यामुळेच.

म्हणजे मागचं वजन स्प्रिंग एकटी पेलत नाही, काही भार स्ट्रटमधलं तेल पेलतं. म्हणून कंपनीने या गाड्यांना मागे मुद्दाम नरम स्प्रिंग दिली. आता सील गेलं आणि तुम्ही त्याच नरम स्प्रिंगवर साधा गॅस स्ट्रट बसवला, तर तेलाचा वाटा उचलायला कोणीच उरत नाही. साध्या स्ट्रटमधला गॅसचा दाब वजन धरण्यापुरता नसतो, साध्या स्ट्रटचं काम उसळी मारणं थांबवणं एवढंच.

आकड्यांत पाहू. समजा मागच्या सीटवर आणि डिकीत मिळून १०० किलो मागच्या आसावर आले, म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे ४९० न्यूटन. चाकापाशी २५ न्यूटन प्रति मिलिमीटर ताठपणा असेल तर गाडी २० मिलिमीटर बसेल. १८ असेल तर २७. रिकामी असतानाच नरम स्प्रिंग बरीच खाली आलेली असते, त्यात हे वाढलं की स्ट्रट थेट बंप स्टॉपवर (शेवटचा धक्का झेलणाऱ्या फोमच्या ठोकळ्यावर) टेकतो. धप्प आवाज तोच. मग बंप स्टॉपचा फोम चुरा होतो, धातूवर धातू आदळतो आणि नवा स्ट्रटही वर्षभरात गळतो. लोक त्याला ‘खराब माल’ म्हणतात.

ओळख सोपी आहे. सेल्फ लेव्हलिंग स्ट्रटचं नळकांडं साध्यापेक्षा बरंच जाड असतं आणि त्यावरच्या स्प्रिंगची तार बारीक. आता गाडीत साधा स्ट्रट दिसत असेल आणि स्प्रिंग कधी बदलल्याची नोंद नसेल, तर दोष सापडला.

इलाज दोन. मूळ सेल्फ लेव्हलिंग स्ट्रट पुन्हा बसवा: महाग, पण जुनी स्प्रिंग धडधाकट असेल तर तीच चालते. किंवा साधा स्ट्रट (कायाबाचा एक्सेल-जी हा नेहमीचा पर्याय) आणि त्याबरोबर साध्या स्ट्रटच्या गाडीची स्प्रिंग. ऑस्ट्रेलियातल्या किंग स्प्रिंग्जच्या फॉरेस्टरसाठीच्या जोड्या अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये याच कामासाठी बसवल्या जातात. मागवताना ‘सेल्फ लेव्हलिंग काढून साधा स्ट्रट टाकतोय’ हे विक्रेत्याला स्पष्ट लिहा. रोज रिकामी चालणारी गाडी असेल तर दुसरा पर्याय घ्यावा. ट्रेलर ओढणाऱ्यांनी पहिला.

तिसरा एक उपाय सुचवला जातो तो टाळा: टॉप माउंटवर स्पेसर टाकून मागची बाजू उचलणं. स्पेसरने उंची वाढते, ताठपणा तेवढाच राहतो. रिकामी गाडी छान दिसते आणि चार माणसं बसली की पूर्वीइतकीच बसते.

आवाज कुठून येतो

तुटक्या रस्त्यावर २०-३० च्या वेगात बारीक सलग खडखड: स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक किंवा त्या दांड्याचे बुश. खात्री करायची तर त्या आसावरच्या दोन्ही लिंक सोडून दांडा बांधून ठेवा आणि त्याच रस्त्यावर सावकाश फिरा. आवाज गेला तर शोध संपला. एकच लिंक सोडून काही कळत नाही.

ब्रेक मारताना एक ठक आणि ब्रेक सोडल्यावर दुसरा: पुढच्या लोअर आर्मचा (चाक खालून धरणाऱ्या हाताचा) मागचा मोठा बुश. रबर धातूपासून सुटलेलं असतं; टामी घालून हलवलं की फट उघडताना दिसते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना तार तुटल्यासारखा ‘टंग’ आला तर टॉप माउंटचं बेअरिंग अडकलंय, स्प्रिंग पिळली जाऊन एकदम सुटते आहे. वेग वाढला की वाढणारी घूं घूं मात्र दोन ठिकाणांहून येऊ शकते, मागचं व्हील बेअरिंग किंवा खाचाखाचांनी झिजलेला टायर. मोकळ्या रस्त्यावर हळूच डावी-उजवीकडे वळवताना आवाज बदलला तर बेअरिंग. टायर पुढे-मागे बदलल्यावर आवाजाची जागा बदलली तर टायर.

आणि एक दुखणं असं, जे सस्पेन्शनचं नसूनही सस्पेन्शनच्या नावावर खपतं. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश चालवताना गाडी अडते, उड्या मारते, खालून दणके देते. मॅन्युअल गाडीत हे मधल्या डिफरेन्शियलच्या व्हिस्कस कपलिंगमुळे (पुढच्या-मागच्या आसांच्या वेगातला फरक रोखणाऱ्या जोडणीमुळे) होतं, ऑटोमॅटिकमध्ये मागच्या चाकांना जोर देणाऱ्या क्लचमुळे. चार गिअरच्या साध्या ऑटोमॅटिकमध्ये बॉनेटखाली ‘एफडब्ल्यूडी’ लिहिलेली फ्यूजची रिकामी जागा असते. तिथे फ्यूज घातला की मागची चाकं सुटतात. फ्यूज घातल्यावर उड्या थांबल्या तर बुश बदलून काही होणार नाही.

किती सामान लागेल

पूर्ण काम एकदाच करायचं असेल तर: स्ट्रट चार, स्प्रिंग चार, टॉप माउंट चार, बंप स्टॉप आणि धूळटोपी चार-चार, स्प्रिंगखालची-वरची रबरी बैठक, दांड्याचे लॉक नट चार, पुढच्या कॅम्बरचे (चाकाच्या आत-बाहेर कलाचे) एक्सेन्ट्रिक, म्हणजे फिरवून कोन बदलणारे, बोल्ट दोन, बॉल जॉइंट दोन (कॅसल नट आणि कॉटर पिनसकट), स्टॅबिलायझर लिंक चार, लोअर आर्मचे पुढचे बुश दोन आणि मागचे दोन. मागे प्रत्येक चाकाला दोन आडव्या लॅटरल लिंक आणि गाडीच्या लांबीच्या दिशेने जाणारी एक ट्रेलिंग लिंक आहे. म्हणजे लॅटरल लिंक चार, त्यांचे बुश आठ, ट्रेलिंग लिंक दोन, त्यांचे बुश चार. शिवाय मागच्या हबमधून आरपार जाणारे लांब बोल्ट दोन, नटासकट. हे दोन बोल्ट आधी हातात असल्याशिवाय मागचं काम सुरू करू नये.

जुने टॉप माउंट ‘चांगले दिसतात’ म्हणून ठेवणं ही खोटी काटकसर. ते बदलायला पुन्हा पूर्ण स्ट्रट उतरवून स्प्रिंग दाबावी लागते.

तो लांब बोल्ट

दोन्ही लॅटरल लिंकची बाहेरची टोकं आणि मागचं हब हाउसिंग (चाकाचं बेअरिंग धरणारा ओतीव भाग) एकाच लांब बोल्टवर ओवलेली आहेत. हा बोल्ट बुशच्या आतल्या पोलादी नळीत गंजून एकजीव होतो. न्यू जर्सी, शिकागो, टोरांटोकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं तिथे तर हे गृहीतच धरा. कोकणकिनाऱ्यावर वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या गाड्याही वेगळ्या नसतात. नट सुटतो, बोल्टही फिरतो, पण फिरताना बुशची नळी बरोबर घेऊन फिरतो. बाहेर काही येत नाही.

फक्त स्ट्रट बदलायचा असेल तर या बोल्टला हातच लावू नका, त्याची गरज नाही. लिंक बदलायच्या असतील तर आठवडाभर आधीपासून रोज गंज सोडवणारं तेल मारत राहा. नंतर नट सोडून आट्यांवर जुना नट उलटा चढवा आणि त्यावर ठोका, थेट आट्यांवर नको. हाउसिंगला टॉर्चने तापवता येतं, पण ब्रेकची नळी, एबीएसचा सेन्सर, बेअरिंगचं सील आणि इंधनाची पाइप शेजारीच आहे. ओलं फडकं बांधून, थोडा-थोडा वेळच. तरीही हलला नाही तर हाउसिंग आणि बुशच्या मधल्या फटीत करवतीचं पातं घालून बोल्ट दोन्हीकडे कापा. लिंक तशाही जाणार आहेत. हाउसिंगमध्ये उरलेला तुकडा प्रेसखाली काढणं हातोड्यापेक्षा स्वस्त पडतं. नवा बोल्ट बसवताना मधल्या गुळगुळीत भागाला अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारं वंगण) लावा, आटे कोरडे ठेवा. आटे ओले असले की टॉर्क रेंच तोच आकडा दाखवतो आणि बोल्ट त्याहून जास्त ताणला जातो.

उतरवणं आणि बसवणं

पुढच्या स्ट्रटचे खालचे दोन बोल्ट उघडण्याआधी वरच्या एक्सेन्ट्रिक बोल्टच्या डोक्याची जागा रंगाने खुणा करून ठेवा. डोकं धरून नट फिरवा. ब्रेक होजचा आणि एबीएसच्या तारेचा क्लॅम्प आधी सोडा. बोल्ट निघाले की नकल (पुढच्या चाकाचं हब धरणारा ओतीव भाग) बाहेर कलंडतं आणि ॲक्सलचा आतला जॉइंट ताणून निसटू शकतो. म्हणून ते तारेने चासिसला बांधा. होजवर लटकू देऊ नका. उजवीकडच्या आतल्या जॉइंटचा रबरी बूट एक्झॉस्टच्या उष्णतेजवळ असतो आणि तो बहुधा आधी फाटतो, आलाच आहात तर पाहून घ्या.

मागच्या स्ट्रटचे वरचे नट डिकीच्या बाजूच्या प्लॅस्टिकमागे आहेत. पूर्ण आवरण काढायची गरज नसते, खालच्या क्लिप सोडून कड उचलली की पाना पोचतो. शेवटचा नट सोडताना खाली स्ट्रट धरायला दुसरा माणूस हवा. नट काढल्यावर पत्र्याची वरची घुमटी टोकदार अवजाराने टोचून पाहा: पापुद्रे निघत असतील तर आधी वेल्डिंग, मग स्ट्रट.

स्प्रिंग दाबताना कॉम्प्रेसरचे दोन हूक समोरासमोर लावा, हातपान्याने आळीपाळीने आवळा. इम्पॅक्ट गन इथे चालवायची नाही. स्प्रिंगचं खालचं टोक कपातल्या पायरीला टेकलं पाहिजे. बोटभर जरी मागे राहिलं तर पहिल्या खड्ड्यात सरकून ‘टणक’ करतं. पुढच्या वरच्या बैठकीवर ‘आउट’ लिहिलेलं असतं, ती बाजू गाडीच्या बाहेरच्या अंगाला. दांड्याचा नट ५५ न्यूटन-मीटर, दांडा वरून धरून. पुढच्या टॉप माउंटचे तीन नट फक्त २० न्यूटन-मीटर. ते नट हाताच्या जोरावर पिळून स्टड तोडणारे बरेच आहेत.

बॉल जॉइंटचा पिंच बोल्ट गंजून तुटतो, म्हणून आधी तेल, मग थोडा सैल-थोडा घट्ट असं करत काढा. नकलमधली फट छिन्नीने किंचित रुंद केली की जॉइंट खाली येतो. नवा बसवताना कॅसल नट ३९ न्यूटन-मीटरला, नंतर भोक जुळेपर्यंत पुढेच फिरवा, मागे कधीच नाही. पिंच बोल्ट ५० च्या आसपास. स्ट्रटच्या खालच्या मोठ्या बोल्टचा आकडा एसएफ आणि एसजीमध्ये वेगळा आहे, तो आपल्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या.

बुश कधी आवळायचे

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. रबरी बुशमध्ये रबर आतल्या नळीला कायमचं चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की ती नळी जागच्या जागी जखडते आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. लिफ्टवर गाडी असताना चाक कित्येक सेंटिमीटर खाली लोंबत असतं. त्या स्थितीत बोल्ट आवळले आणि गाडी खाली सोडली, की उभ्या गाडीतही प्रत्येक रबर पिळलेलं राहतं. पहिले काही आठवडे हे पिळलेले बुश जादा स्प्रिंगचं काम करतात, गाडी थोडी उंच दिसते, मालक खूश असतो. त्याच उंचीवर अलाइनमेंट होते. मग रबर फाटायला लागतं, गाडी बसते, मागचा कॅम्बर आत जातो, टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) सरकतो, आणि टायर आतून जायला लागतात.

म्हणून लोअर आर्म, लॅटरल लिंक आणि ट्रेलिंग लिंकचे बोल्ट लिफ्टवर फक्त हाताने बसवा. शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उभी असताना द्या, रॅम्पवर किंवा चार खांबी लिफ्टवर. तशी सोय नसेल तर पुढे बॉल जॉइंटखाली आणि मागे हब हाउसिंगखाली जॅक लावून हब ते कमान हे अंतर ठरलेल्या उंचीइतकं आणा आणि मग आवळा. जॅक लॅटरल लिंकच्या मधोमध लावू नका, त्या वाकतात. टोइंगवाल्यांचे हूकही त्यांनाच अडकवलेले सापडतात.

पॉलियुरेथेन बुशमध्ये नळी मोकळी फिरते, त्यामुळे हा प्रश्न नाही. ग्रीस मात्र हवंच. लोअर आर्मला ते चांगले. ट्रेलिंग लिंकला रबरच ठेवा: तिथे लिंक वरखाली होते तशी आडवीही मुरडते, ते पॉलियुरेथेनला मानवत नाही आणि मागचं सस्पेन्शन अडखळत चालतं.

अलाइनमेंट

लगेच करू नका. २००-३०० किलोमीटर चालवा, चारही उंची पुन्हा मोजा, स्थिर झाल्या की मग मशीनवर न्या. क्रम मागून पुढे. मागचा टो लॅटरल लिंकच्या आतल्या टोकाच्या एक्सेन्ट्रिक बोल्टने बदलतो. तो दोन्ही बाजूंनी सारखा झाल्याशिवाय पुढे हात लावून उपयोग नाही, गाडी तिरकीच चालेल. त्यानंतर पुढचा कॅम्बर, शेवटी पुढचा टो. मागच्या कॅम्बरला कंपनीने सोय दिलेली नाही. उंची बरोबर असूनही मागे एका बाजूला कॅम्बर उणे दोन अंशांच्या पलीकडे असेल तर वाकलेली लिंक शोधा. सरळ असेल तरच बाजारातला एक्सेन्ट्रिक बोल्ट स्ट्रटच्या खालच्या भोकात टाका.

‘सगळं हिरवं आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, आधीचे आणि नंतरचे आकडे छापून घ्या. हिरव्या पट्ट्याच्या दोन टोकांना दोन चाकं असली तरी मशीन हिरवंच दाखवतं.

टायरचं शेवटचं. सुबारूचा नियम आहे की चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६.४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. परिघ आणि त्रिज्येचा हिशेब केला तर हा फरक खोलीत जेमतेम १ मिलिमीटर निघतो. आतून खाल्लेले दोन टायर काढून मागे नवी जोडी टाकली आणि पुढे अर्धे झिजलेले राहिले, तर मधलं कपलिंग सरळ रस्त्यावरही सतत घसटत राहतं आणि तापतं. मोजपट्टी टायरभोवती मधल्या पट्ट्यावर गुंडाळून चारही परिघ मोजा. फरक बसत नसेल तर चारही टायर एकदम घ्या, आणि ते बुश व अलाइनमेंट झाल्यावर घ्या, आधी नाही.

उंच करायची असेल तर

२५ मिलिमीटरपर्यंत उंच स्प्रिंग टाकली तर बाकी काही बदलावं लागत नाही. त्यापुढे ट्रेलिंग लिंक चाकाला पुढे ओढायला लागते, कारण ती एका टोकाला चासिसशी बांधलेली आहे आणि चाक खाली गेलं की वर्तुळाच्या कमानीवरून पुढे सरकतं. टायर मडगार्डच्या पुढच्या कडेला घासतो. तिथे ट्रेलिंग लिंकचा ब्रॅकेट खाली घेणारा स्पेसर लागतो. ५० मिलिमीटरच्या वर ॲक्सलच्या जॉइंटचा कोन इतका वाढतो की पूर्ण वळणावर कटकट सुरू होते आणि बूट लवकर फाटतात. तेवढी उंची हवीच असेल तर मागची सबफ्रेमही स्पेसरने खाली घ्यावी लागते, आणि मग एक्झॉस्टचे हँगर, ब्रेकच्या होज आणि स्टिअरिंगचा दांडा ताणला जातो का हे चाक पूर्ण लटकवून दोन्हीकडे वळवून तपासा.